भंगारातून आलेला किरणोत्सार: फौंड्रीतली सफाई आणि कामगारांचा डोस

कोल्हापूरच्या फौंड्र्या भंगारावर चालतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले, कुठल्याही एमआयडीसीत सकाळी गेलात तर वजनकाट्याजवळ स्क्रॅपच्या गाड्या उभ्या दिसतात. जुने इंजिन ब्लॉक, प्रेसशॉपचे कतरण, लेथवरचे बोरिंग, बंद पडलेल्या कारखान्यांची मशिनरी. याच मालात एखादे वेळी किरणोत्सारी सोर्स, म्हणजे यंत्रात बसवलेला किरण सोडणाऱ्या पदार्थाचा तुकडा, येऊ शकतो, आणि आवरणासकट आलेला सोर्स साध्या लोखंडाच्या डब्यासारखाच दिसतो.

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात हेच झाले. दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या गॅमा यंत्रात कोबाल्ट-६० होता. यंत्र तोडले गेले, तुकडे हातोहात गेले, एका कामगाराचा जीव गेला आणि इतर काही जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. त्याआधी २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडला होता. त्या बटणांचे पोलाद भारतातून गेलेले होते. म्हणजे सोर्स भंगारात पकडला गेला नाही तर तो भट्टीतून तयार मालापर्यंत जातो.

हा लेख फौंड्रीचे मालक, सुपरवायझर, सेफ्टी ऑफिसर आणि लेबर कॉन्ट्रॅक्टर यांच्यासाठी आहे. सोर्स शोधून उचलणे आणि शिसाच्या भांड्यात बंद करणे हे फौंड्रीचे काम नाही. ते अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, आणि अणुऊर्जा विभागाच्या प्रशिक्षित पथकाचे काम. पण पथक येईपर्यंतचे तास तुमच्या हातात असतात. नंतर वाळू हलवणे, शेड पुसणे, पिशव्या भरणे यासाठी स्थानिक माणसे लागू शकतात, आणि सगळ्यात कमी माहिती असलेला माणूसच बहुतेक वेळा सगळ्यात आधी आत ढकलला जातो. ते होऊ नये म्हणून हे सगळे लिहितो आहे.

तुमचा कामगार रेडिएशन वर्कर नाही

सगळे नियोजन या मुद्द्यापासून सुरू करा. मोल्डर, फेटलर, मेल्टिंगवरचा गडी, गाडी खाली करणारा हमाल हे कायद्याच्या भाषेत सर्वसामान्य नागरिक आहेत. नैसर्गिक आणि वैद्यकीय रेडिएशन सोडून त्यांच्यासाठी मर्यादा आहे वर्षाला १ मिलिसिव्हर्ट (अंगावर पडलेला डोस मोजायचे एकक; एक मिलिसिव्हर्ट म्हणजे हजार मायक्रोसिव्हर्ट). रेडिएशन वर्करसाठी ती पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही आणि पाच वर्षांत मिळून १०० च्या वर नाही. हातांसाठी आणि कातडीसाठी वर्षाला ५०० मिलिसिव्हर्ट.

दोन्ही मर्यादांत वीसपट फरक आहे आणि तो सोयीसाठी विसरता येत नाही. एखाद्याला सफाईच्या कामावर घ्यायचेच असेल तर त्याला आधी रीतसर रेडिएशन वर्कर करावे लागते: वय १८ पूर्ण, वैद्यकीय तपासणी, प्रशिक्षण, स्वतःच्या नावाचा बॅज आणि डोसची नोंद. हे नसेल तर त्याने धोक्याच्या जागेभोवती बांधलेल्या दोरीच्या बाहेर राहायचे. कोअर शॉपमध्ये बायका मोठ्या संख्येने काम करतात. गरोदर असलेल्या किंवा तशी शक्यता असलेल्या बाईला या कामात घेऊच नका आणि त्या दिवसांचा तिचा पगार कापू नका. पगार कापला जाणार असेल तर ती सांगणारच नाही.

पहिला तास

संशय कशावरून यावा? आकाराच्या मानाने फार जड असलेला छोटा डबा किंवा गोळा, तीन पात्यांचे पिवळे चिन्ह, किंवा २००७ पासून वापरात आलेला लाल त्रिकोण ज्यात कवटी आणि पळणारा माणूस दाखवलेला असतो. रेडिओग्राफीच्या (कास्टिंगच्या आतले दोष किरणांनी पाहायच्या) कॅमेऱ्यातले युरेनियमचे शिल्ड, म्हणजे किरण अडवणारे आवरण, शिशापेक्षाही जड असते. चिन्ह घासून गेलेले असू शकते, म्हणून वजनाकडे लक्ष ठेवा. गेटवरच्या मॉनिटरने किंवा हातातल्या सर्व्हे मीटरने आवाज दिला तर "मशीन बिघडलंय" म्हणून गाडी पुढे काढू नका.

काम थांबवा. तुकडा कापू नका, ठोकू नका, मॅग्नेटने उचलू नका, बेलिंग प्रेसमध्ये (भंगार दाबून गठ्ठे करणाऱ्या यंत्रात) तर अजिबात घालू नका. बंद सोर्स फुटला की एका जागेचा प्रश्न साऱ्या शेडभर पसरतो. ब्राझीलमधल्या गोयानियात १९८७ मध्ये सीझियम-१३७ चा सोर्स असाच भंगारवाल्यांच्या हातात फोडला गेला. चार माणसे गेली आणि एक लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली.

माणसे बाहेर काढा. मीटर नसेल तर उघड्या सोर्सपासून किमान ३० मीटर, मोठी सांडलवंड असेल तर १०० मीटर, आग किंवा धूर असेल तर ३०० मीटर. इमारतीच्या आत असेल तर शेजारच्या खोल्या आणि वरचा-खालचा मजलाही रिकामा करायचा. मीटर असेल तर तासाला १०० मायक्रोसिव्हर्टची रेघ सापडेपर्यंत मागे सरका आणि तिथे दोरी बांधा. एमआयडीसीतल्या लहान प्लॉटवर ३० मीटर म्हणजे शेजाऱ्याच्या शेडमध्ये जाते. त्याला लगेच सांगा, लाज वाटून घेऊ नका.

मीटर बाहेर चालू करून, वरच्या रेंजवर ठेवून पुढे जा. काही जीएम (गायगर-म्युलर) मीटर फार तीव्र रेडिएशनमध्ये आकडा दाखवण्याऐवजी शून्यावर पडतात. जवळ जाताना काटा चढत चढत अचानक खाली आला तर तसेच मागे फिरा. मोबाईलच्या ॲपवर मात्र अजिबात विसंबू नका.

मग फोन. पोलीस ११२, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, आणि एईआरबी. हे क्रमांक वजनकाट्याच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरात लावलेले असावेत. २०१९ च्या महापुरात कोल्हापूरकरांनी एनडीआरएफ पाहिले आहे. पुण्याजवळ त्यांचा तळ आहे आणि रेडिएशनच्या प्रसंगांसाठी त्यांना प्रशिक्षण असते.

थांबलेल्या वेळेत सगळ्यात उपयोगाचे काम म्हणजे यादी. त्या गाडीजवळ कोण कोण होते, किती वेळ, किती अंतरावर, कोणी हात लावला, कोणी खिशात काही ठेवले का. ड्रायव्हर आणि क्लीनर गाडी सोडून जातात, त्यांना थांबवा. ही यादी नंतर आठवून केली तर तिचा भरवसा राहत नाही.

कोणी जखमी असेल तर आधी त्याचा जीव. अंगावर धूळ आहे म्हणून उपचार थांबवायचे नाहीत. बाहेरचे कपडे काढा, चादरीत गुंडाळा आणि कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाला किंवा जवळच्या रुग्णालयाला आधी कळवून न्या.

किरण आणि धूळ, दोन वेगळे धोके

सोर्स बंद असेल तर फक्त किरण बाहेर येतात. माणूस लांब गेला की डोस थांबतो आणि त्याच्यापासून दुसऱ्याला काही होत नाही. सोर्स फुटला असेल तर धूळ होते. ती हाताला, बुटाला, केसांना लागते, श्वासातून आणि तोंडातून आत जाते आणि माणसाबरोबर घरी जाते. पहिल्यासाठी अंतर, वेळ आणि आड भिंत. दुसऱ्यासाठी मास्क, सूट आणि बाहेर पडतानाची तपासणी.

अंतराचा हिशेब फौंड्रीवाल्याला सहज जमतो. अंतर दुप्पट केले की डोस चौथाई होतो. एका मीटरवर तासाला ४०० मायक्रोसिव्हर्ट असेल तर दोन मीटरवर १००, चारवर २५, दहावर ४. एखादा तुकडा ३० सेंटिमीटरवरून हाताने उचलण्याऐवजी दीड मीटरच्या सांडशीने उचलला तर अंगावरचा डोस पंचवीस पटीने कमी होतो. लांब दांड्याची हत्यारे आपल्याकडे भट्टीजवळ पडलेलीच असतात.

उलटा हिशेबही डोळ्यांसमोर ठेवा. कास्टिंगच्या रेडिओग्राफीत वापरला जाणारा इरिडियम-१९२ समजा २० क्युरीचा (क्युरी हे सोर्सच्या ताकदीचे एकक) आहे आणि शिल्डबाहेर पडला आहे. एका मीटरवर तासाला १०० मिलिसिव्हर्टच्या आसपास मिळतात. म्हणजे रेडिएशन वर्करची वर्षाची सरासरी मर्यादा बारा मिनिटांत संपते. तोच बारीक चकचकीत तुकडा कोणी खिशात टाकला तर मांडीची कातडी आणि आतले मांस जळते, आणि त्या वेळी दुखतही नाही. लाली आणि फोड नंतर, कधी काही दिवसांनी येतात. म्हणून "काही झालं नाही" या उत्तरावर यादीतले नाव कमी करू नका.

बॅज आणि पेन

आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर दोन गोष्टी हव्यात.

पहिली टीएलडी (थर्मोल्युमिनेसंट डोसिमीटर) बॅज. त्यात डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. त्या डोस साठवतात आणि प्रयोगशाळेत तापवून तो वाचला जातो. कायदेशीर नोंद याचीच. पण निकाल नंतर येतो, त्यामुळे आज या माणसाला थांबवायचे की नाही हे टीएलडी सांगू शकत नाही. त्यासाठी दुसरी वस्तू: डायरेक्ट रीडिंग डोसिमीटर, ज्याला आपल्याकडे पेन म्हणतात, किंवा अलार्मचा इलेक्ट्रॉनिक डोसिमीटर. अलार्मचा असेल तर उत्तम, कारण सूट घातलेला आणि घामाने डोळे भरलेला माणूस आकडा वाचायला थांबत नाही.

बॅज सूटच्या आत, छातीवर, पातळ प्लास्टिकच्या पाकिटात. बाहेर लावला तर धूळ बसून तो खोटा डोस दाखवत राहतो. पेन पारदर्शक खिशात, दिसेल असा. हाताने काम असेल तर मनगटावर वेगळा बॅज. कंट्रोल बॅज (तुलनेसाठीचा, कोणीही न लावलेला) रेडिएशनपासून लांब, ऑफिसात ठेवा, आणि कामगारांचे बॅज सुट्टीच्या वेळी त्याच्याशेजारी टांगा. बॅज खिशात ठेवून धुवायला गेला किंवा भट्टीजवळ राहिला तर तो वाया गेला असे समजा आणि तसे लिहून ठेवा.

एकाचा बॅज दुसऱ्याने लावायचा नाही. कॉन्ट्रॅक्टच्या कामात आज आलेला गडी उद्या नसतो, त्याच्या जागी भाऊ किंवा गाववाला येतो, आणि मुकादम जुनाच बॅज पुढे करतो. असा बॅज दोघांपैकी कोणाचाच डोस सांगत नाही. नवा माणूस आला की नवा बॅज, नाहीतर आत प्रवेश नाही.

नोंदवहीत नाव, बॅज क्रमांक, आत जाण्याची वेळ, पेनचा आकडा, कामाची जागा आणि तिथला रेट (तासाला किती डोस), बाहेर येण्याची वेळ, पेनचा आकडा, सही. ही वही रेषेबाहेर बसलेला एकच माणूस भरेल आणि त्याला दुसरे काम देऊ नका.

दिवसाचा डोस आधी ठरवा

काम सुरू होण्याआधी रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, म्हणजे आरएसओ, प्रत्येक कामासाठी आकडा ठरवतो. समजा वाळूच्या ढिगाजवळ तासाला ४० मायक्रोसिव्हर्ट आहेत आणि एका माणसाचा दिवसाचा आकडा ५० ठरला. तर त्याला सव्वा तास. पेन ४० वर आला की परत बोलवायचे, ५० वर नाही, कारण निघायलाही वेळ लागतो. मर्यादा म्हणजे गाठायचे उद्दिष्ट नव्हे. जितका कमी ठेवता येईल तितका ठेवायचा.

माणसे बदलत राहिल्याने प्रत्येकाचा डोस कमी होतो, पण डोस घेणारी माणसे वाढतात. म्हणून पाळ्या लावण्याआधी रेट कमी करा. सगळ्यात तापलेले दोन-चार तुकडे पथकाने लांब हत्याराने काढले की उरलेल्या शेडचा आकडा बहुतेक वेळा झपाट्याने पडतो. तोपर्यंत झाडूवाल्याला आत सोडणे म्हणजे उगाच डोस देणे आहे. कठीण हालचाली बाहेर, साध्या भंगारावर, आधी करून पाहा. सराव झालेला माणूस आत निम्म्या वेळात काम उरकतो.

अंगावर काय

एकदा वापरून टाकायचा टोपीसह सूट, दोन हातमोजे, त्यातला आतला टेपने बाहीला चिकटवलेला, गमबूट आणि त्यावर कव्हर. धुळीच्या कामाला पूर्ण चेहऱ्याचा मास्क आणि उच्च क्षमतेचे कणरोधक फिल्टर. दाढी असेल तर मास्क बसत नाही, आत जाणाऱ्याने ती काढावीच लागते. तोंडाला रुमाल बांधून हे काम होत नाही.

एक्स-रे विभागातला शिशाचा ॲप्रन मागवण्याची घाई नेहमी दिसते. त्यातले शिसे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. कोबाल्ट-६० चे किरण निम्मे करायलाच साधारण १२ मिलिमीटर शिसे लागते. म्हणजे ॲप्रनने संरक्षण जवळजवळ शून्य, आणि वजनाने माणूस हळू होऊन आत जास्त वेळ राहतो. आयोडीनच्या गोळ्याही इथे उपयोगाच्या नाहीत; त्या फक्त किरणोत्सारी आयोडीनसाठी असतात.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली असा सूट घालून अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त कोणाला ठेवू नये असे माझे मत आहे, डोसचा आकडा शिल्लक असला तरी. उष्माघात त्याच दिवशी माणूस पाडतो.

आणि मावा. कामगाराच्या खिशात मावा, तंबाखू, चुना असतोच आणि हात सतत तोंडाकडे जातो. बोटांवरची धूळ पोटात जाण्याचा हा सगळ्यात सोपा रस्ता. आत जाण्याआधी खिसे रिकामे करायचे. पाणी आणि चहा फक्त बाहेर, हात तपासून धुतल्यावर.

प्रत्यक्ष सफाई

जागेचे तीन भाग करा: दूषित भाग, कपडे उतरवण्याची पट्टी, स्वच्छ भाग. ये-जा एकाच वाटेने. खडूने जमिनीवर एक मीटरचे चौकोन आखा आणि प्रत्येकाचा आकडा नकाशावर लिहा.

कॉम्प्रेसरची हवा पूर्ण बंद. पाळी संपली की एअर होजने कपडे झटकायची सवय आपल्याकडे प्रत्येक शेडमध्ये आहे. किरणोत्सारी धुळीत ही सवय घातक आहे. व्हॉल्व्ह बंद करून कुलूप घाला, नुसती पाटी पुरत नाही. कोरडा झाडूही नको. ओले फडके, चिकट टेप, किंवा खास फिल्टरचा व्हॅक्यूम. वरून खाली, कमी दूषित भागाकडून जास्त दूषित भागाकडे. फडक्याची घडी प्रत्येक पुसण्याला बदला आणि वापरलेले परत बादलीत बुडवू नका.

पाण्याचा पाईप लावून फरशी धुऊ नका. गटारातून ते नाल्याला आणि पुढे पंचगंगेला जाते. पावसाळा असेल तर पहिल्या दिवशीच गटारांची तोंडे बंद करा आणि उघड्यावरच्या ढिगांवर ताडपत्री घाला.

मोल्डिंगची वाळू हा आपल्याकडचा खास प्रश्न. ती सँड प्लँटमधून फिरत राहते, त्यामुळे एका जागची धूळ थोड्या वेळात सगळ्या साच्यांत जाते. संशय आला त्याच क्षणी सँड प्लँट बंद. कच्च्या जमिनीची शेड असेल तर वरचा थर खरवडून काढावा लागतो, आधी पाण्याचा हलका फवारा मारून.

पृष्ठभाग साफ झाला का हे पाहायला थेट मोजणी आणि स्वाइप, दोन्ही करा. साधारण १०० चौरस सेंटिमीटर जागा फिल्टर पेपरने पुसून तो पेपर मोजायचा. पेपरवर काही येत नाही पण थेट आकडा आहे, तर ते दूषण घट्ट बसलेले आहे किंवा दुसरीकडून किरण येत आहेत. पेपरवर येते, तर ते सुटे आहे आणि श्वासात जाऊ शकते. कामाच्या जागी हवेचा नमुना घेणारा पंप चालू ठेवा.

कचरा दुहेरी पिशवीत, तारीख आणि आकडा लिहून, कुलपात. तो भंगारात विकायचा नाही, स्लॅगच्या (वितळलेल्या धातूवरच्या मळाच्या) ढिगावर टाकायचा नाही. तो अधिकृत यंत्रणाच नेते.

बाहेर येताना

इथे घाई झाली की आतली सगळी काळजी वाया जाते. क्रम असा: बाहेरचे बूटकव्हर, बाहेरचे हातमोजे, मग सूट आतली बाजू बाहेर गुंडाळत, मग मास्क, सगळ्यात शेवटी आतले हातमोजे. पट्टीवर एक बाक ठेवा. बूट काढलेला पाय थेट स्वच्छ बाजूला टेकायचा.

मग तपासणी. मीटरचा प्रोब अंगापासून सुमारे एक सेंटिमीटर, अंगाला न लावता, हळू. सेकंदाला पाच सेंटिमीटरपेक्षा वेगाने नाही. आधी हात, मग चेहरा, केस, खांदे, गुडघे, बुटांचे तळवे. स्पीकर चालू ठेवा, कारण आकड्याआधी आवाज बदलतो. दुसऱ्या माणसाने तपासायचे, स्वतःच स्वतःचे नाही.

कातडीवर काही सापडले तर कोमट पाणी, साधा साबण, मऊ फडके. गरम पाणी नको, घासणी नको. कातडी सोलली की दूषण आत जाते. दोन-तीनदा धुऊन आकडा उतरत नसेल तर थांबा आणि डॉक्टरकडे द्या. चेहऱ्यावर सापडले तर नाकपुड्यांचा वेगवेगळा स्वॅब लगेच घ्या. त्यात काही आले तर श्वासातून धूळ आत गेली असे समजून लघवीची तपासणी आणि होल बॉडी काउंटिंग (अख्ख्या शरीरातला किरणोत्सार मोजणे) करावे लागते. सीझियमवर प्रशियन ब्लूसारखे औषध आहे, पण ते डॉक्टरनेच द्यायचे.

वितळल्यानंतर कळले तर

कोबाल्ट आणि इरिडियम धातूबरोबर राहतात, अमेरिसियम आणि रेडियम स्लॅगमध्ये जातात, सीझियम धुरातून बॅग फिल्टरमध्ये (भट्टीचा धूर गाळणाऱ्या पिशव्यांत). १९९८ मध्ये स्पेनमधल्या एका पोलाद कारखान्यात सीझियम-१३७ वितळला आणि त्याचा माग इतर देशांच्या हवेत लागला. म्हणून बॅग फिल्टर झटकणारा कामगार हा सर्वात धोक्यातला माणूस असू शकतो, आणि त्याचे नाव मेल्टिंगच्या यादीत नसते. हीट (भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू), स्लॅग आणि फिल्टरची धूळ तिन्ही जागच्या जागी थांबवा.

प्रत्येक हीटचा स्पेक्ट्रोचा, म्हणजे धातूतले घटक तपासायचा, नमुना आपण काढतोच. तो लॅबमध्ये जाण्याआधी मीटरसमोर धरायची सवय लावा. मीटरचे कॅलिब्रेशन मुदतीत हवे, आणि नमुन्याआधी रिकाम्या जागेचा आकडा घेतलेला हवा.

काम संपल्यावर

दोरी कधी काढायची हे आरएसओ आणि एईआरबीचे लोक ठरवतील. तुमच्याकडे उरते ती माणसांची जबाबदारी. मोठ्या डोसचा संशय असलेल्यांच्या रक्तातील लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) पहिल्या दोन दिवसांत पुन्हा पुन्हा मोजाव्या लागतात. एकाच तपासणीने कळत नाही. मळमळ, उलटी झाली तर किती वाजता झाली ते लिहून ठेवा, डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतात.

टीएलडीचा निकाल आला की पेनच्या बेरजेशी ताडून पाहा. दोन्हींत मोठा फरक असेल तर कारण शोधा, सोयीचा आकडा निवडू नका. मग प्रत्येकाला त्याचा आकडा समोर बसवून सांगा, मराठीत, आणि बिहार-ओडिशाहून आलेल्यांना हिंदीत. त्याच्या नावाचा कागद त्याच्या हातात द्या, एक प्रत कॉन्ट्रॅक्टरकडे नव्हे तर कंपनीच्या फाईलला ठेवा. तो उद्या दुसरीकडे रेडिएशनच्या कामावर लागला तर त्याची पाच वर्षांची बेरीज याच आकड्यापासून पुढे चालते.